उभ्या निवडुंगाला फळं हवी असतील तर आधी हे जमवा

नर्सरीत ‘पेरुव्हियन कॅक्टस’ म्हणून मिळणारा, निळसर हिरवा, खांबासारखा सरळ वर जाणारा सेरियस निव्वळ शोभेला हवा असेल तर एक झाड पुरे. फळं हवी असतील तर मात्र झाडं दोन लागतात, आणि ती दोन वेगळ्या झाडांपासून आलेली लागतात. कुंडी, माती, जागा सगळं नंतर. माझ्या गच्चीवर एकाच झाडाच्या कांड्या होत्या. फुलं भरभरून यायची आणि दोन-चार दिवसांत देठासकट गळायची. मी खतं बदलत बसले. खताचा काही संबंध नव्हता. या निवडुंगाला स्वतःचे पराग चालत नाहीत, आणि एका झाडाच्या दहा कांड्या दहा कुंड्यांत लावल्या तरी ते एकच झाड असतं. त्यामुळे दोन्ही रोपं एकाच नर्सरीतून घेऊ नका, तिथला सगळा माल बहुतेक वेळा एकाच मूळ झाडाचा असतो. दुसरी कांडी परगावच्या ओळखीच्या अंगणातून मागून आणा किंवा बियांपासून वाढलेलं रोप शोधा. कुठून आणलं ते कुंडीवर लिहून ठेवा, वर्षभराने आठवत नाही.

कांडी मागताना ती निवडुंगाचीच आहे ना, हे बघा. कुंपणाचा त्रिधारी आणि शेर ही वेगळ्याच कुळातली झाडं. कापल्यावर पांढरा चीक आला की ती कांडी नको, आणि तो हात डोळ्याला लावू नका. सेरियस कापला की नुसतं पाणचट, बुळबुळीत हिरवं दिसतं. धारेवर ठरावीक अंतराने कापसासारखे बारीक ठिपके असतात आणि काट्यांचा झुबका त्यातून निघतो.

कांडी दीड-दोन फुटांची घ्या. कापतानाच वरच्या टोकाला खूण करा, उलटी लावली तर वाया जाते. मग सावलीत दोन-तीन आठवडे नुसती पडू द्या. कापलेली बाजू बोटाला कडक, कोरडी लागली पाहिजे. इथे घाई केलीत तर कांडी खालून कुजते आणि ते वर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. लावायचं फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे पावसाआधी मुळं धरतात. तीन-चार इंच खोल, शेजारी काठी, आणि पहिले दोन आठवडे पाणी अजिबात नाही. धरायला जाड गुंडाळलेलं वर्तमानपत्र.

कुंडी मातीची, जड, रुंद बुडाची. झाड डोक्यावर उंच वाढतं आणि वळिवाच्या वाऱ्यात हलकी प्लास्टिकची कुंडी आडवी होते. मातीत निम्मी तरी जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे घाला, बाकी बागेची माती, थोडं जुनं शेणखत. ऊन भरपूर. पण सावलीत वाढलेलं रोप एप्रिलच्या उन्हात एकदम ठेवू नका, पिवळे-पांढरे डाग पडतात आणि ते जात नाहीत. पावसाळ्यात कुंडी विटांवर उचलून ठेवा. कोकणात असाल तर सरळ पत्र्याखाली घ्या. पिठ्या ढेकूण दिसला की स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

आणि दुसरं झाड? आणलं नसेल तर आताच आणा. कांडीला फुलावर यायला काही वर्षं लागतात, बियांच्या रोपाला त्याहून जास्त. पहिलं फुलायला लागल्यावर दुसरं शोधायला निघालात तर तेवढी वर्षं पुन्हा थांबावं लागतं. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून परत परत लिहितेय.

नावात पेरू असला तरी हे झाड व्हेनेझुएला आणि क्युरासाओ, अरुबा बेटांकडचं. तिथे रात्री मध पिणारी वटवाघळं पराग नेतात. ती वटवाघळं आपल्याकडे नाहीत, म्हणून हे काम आपल्याला करावं लागतं. इस्रायलमध्ये नेगेवच्या वाळवंटात बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी याचंच पीक उभं केलं. ‘कोउबो’ नावाने ते विकलं जातं. पण परक्या परागांची गरज तिथेही सुटलेली नाही.

फूल एकाच रात्रीचं असतं. दुपारी कळी फुगलेली, टोक सैल झालेलं दिसलं की त्या संध्याकाळी कुठे जाऊ नका. नऊ-दहाला पूर्ण उमलतं, वीतभर लांब, पांढरं. टॉर्च आणि मऊ ब्रश घ्या. एका झाडाच्या पुंकेसरांवरून पिवळी भुकटी उचला आणि दुसऱ्या झाडाच्या फुलात मधोमध पुढे आलेल्या, टोकाला बोटं फुटल्यासारख्या कुक्षीवर भरपूर लावा. मग उलट दिशेने. त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलावर लावून उपयोग नाही. दोन्ही झाडं एका रात्री फुलली नाहीत तर पराग कोरड्या कागदात, घट्ट झाकणाच्या डबीत, फ्रिजमध्ये ठेवा आणि पुढच्या काही दिवसांत वापरा.

फूल सुकलं तरी ओढून काढू नका. खालचा भाग हिरवा राहून फुगू लागला की फळ धरलं. पाणी बेताने, फळावर जाळीची पिशवी, नाहीतर बुलबुल आधी येतात. साल लाल झाली आणि उकलायला लागली की त्याच दिवशी काढा. सालीला काटे नसतात. गार करून, चमच्याने, काळ्या बियांसकट खा.