पोट्ट्याला पाचवीत नाहीतर आठवीत मुलांच्या हायस्कूलमध्ये टाकायचं असेल तर आधी हे वाचा

एप्रिल संपत आला की नागपुरात आमच्या मानेवाड्याकडे भर दुपारी गाडीवर दोन सर येतात, तोंडाला दुपट्टा, हातात प्लास्टिकची फाईल, अन् दारातूनच विचारतात, "चौथी झालेला पोट्टा आहे का घरी?" नवीन माणसाला वाटते, बाप्पा, सर लोक एवढ्या उन्हात घरी येऊन राहिले म्हणजे शाळा भारीच असेल. तसं काही नसते. मी एका अनुदानित मुलांच्या शाळेच्या ऑफिसात १९ वर्षं बाबू होतो, म्हणून सांगतो. ३० सप्टेंबरचा पट, तोही आधार जुळलेला, त्यावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेत शिक्षकांची पदं किती राहतील ते ठरते. पोट्टे कमी पडले की एखादे सर अतिरिक्त ठरतात अन् त्यांना उचलून दुसरीकडे पाठवतात. म्हणून ते फिरतात. कोणी दप्तर देतो म्हणते, कोणी ऑटोचं भाडं. त्यांचाही दोष नाही, पोटाचा प्रश्न आहे, पाणी द्या, बसवा, शाळेची माहिती घ्या, पण एक करू नका, टीसीची, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याची, ओरिजिनल त्यांच्या हातात देऊ नका. एकदा टीसी गेला की तुम्ही मन बदलायला मोकळे राहत नाही, मग ऑफिसात चकरा मारत बसा.

आता दुसऱ्या टोकाच्या शाळा. सदर, धंतोली, महाल, रामदासपेठ भागातल्या ज्या नावाजलेल्या शाळा आहेत तिथे कोणी तुमच्या दारी येत नाही, तुम्हालाच जावं लागते, अन् उन्हाळ्याच्या सुट्या लागायच्या आधीच. बऱ्याच जणांची इथेच चूक होते, १ मेला निकाल लागला की बघू म्हणतात, अन् तोवर तिथली सेमीची (सेमी-इंग्रजीची) तुकडी भरलेली असते. चौथीच्या पहिल्या सत्राचा निकाल हातात आला की ऑफिसात एक चक्कर मारा, फॉर्म कधी निघतात ते बाहेरच्या पानठेल्यावाल्याला नाही, खिडकीवरच्या बाबूला विचारा. जाताना हेही विचारून घ्या की शाळा अजून फक्त मुलांची आहे का, कारण काही जुन्या मुलांच्या शाळा आता मुलीही घेतात, नावात मात्र जुनंच चालू असते.

पाचवी अन् आठवी, ह्या दोनच मोठ्या खिडक्या आहेत. जिल्हा परिषद, मनपाच्या बऱ्याच शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असतात, त्यामुळे तिथून पोट्टे ह्याच दोन वर्गांत बाहेर पडतात. सहावी-सातवीत जागा असली तर घेतात, नसली तर नाही. नववीत जरा अवघड, अन् दहावीत शाळा बदलणं तर जमेल तेवढं टाळाच, बोर्डाचा फॉर्म, परवानगी, सगळा गुंता होते.

एक प्रश्न मला दरवर्षी विचारला जायचा, "साहेब, आरटीईच्या २५ टक्क्यांतून पाचवीत होईल का?" आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा. नाही होत. ती राखीव जागा शाळेचा जो सुरुवातीचा वर्ग असतो तिथलीच, नर्सरी नाहीतर पहिली. पण आरटीईचा दुसरा फायदा तुम्हाला आहे जो कोणी सांगत नाही. २००९ चा तो कायदा पहिली ते आठवीला लागू आहे, अन् त्यात साफ लिहिलं आहे की ॲडमिशनसाठी मुलाची परीक्षा घ्यायची नाही, आईबापाचा इंटरव्ह्यू घ्यायचा नाही अन् डोनेशन तर नाहीच नाही. सेमीच्या तुकडीसाठी "छोटीशी टेस्ट" म्हणून जे घेतात ना, ते त्या कायद्यात बसत नाही. आता प्रत्येकाने भांडावंच असं मी म्हणत नाही, पोट्ट्याला तिथेच सहा वर्षं काढायची असतात, पण आपला हक्क काय ते माहीत असलं की खिडकीसमोर आवाज जरा वेगळा निघते. नववीला परीक्षेपासूनचं हे संरक्षण नाही, तिथे मार्क पाहून घेतात.

कागद फार नाही लागत. टीसी, चौथीचं किंवा सातवीचं प्रगतीपत्रक, जन्मदाखला, आधार, पासपोर्ट फोटो, अन् असेल तर जातीचा दाखला, बापाचा निघालेला असला तरी त्याची झेरॉक्स लावून ठेवा. टीसीची ओरिजिनल नवीन शाळेत जमा होते, परत मिळत नाही, म्हणून आधी चार झेरॉक्स काढा अन् मोबाईलमध्येही फोटो ठेवा. मध्य प्रदेशातून, म्हणजे छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडून आलेले खूप जण असतात आपल्याकडे, त्यांनी टीसीवर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची सही आणि शिक्का घेऊनच इकडे यावं, नाहीतर त्या एका सहीसाठी परत गाडी पकडावी लागते.

अन् आता खरी गोष्ट, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो. लोक सगळा जीव "सीट मिळाली का" ह्यात लावतात, अन् सीट मिळाल्यावर ऑफिसात जो दहा मिनिटांचा कार्यक्रम होते त्यात बाहेर चहा प्यायला जातात. तिथे बाबू काय करतो? कपाटातून जनरल रजिस्टर काढतो, दाखल-खारीज म्हणतात तेच, लांबरुंद, लाल कापडी बांधणीचं, पान उलटायला दोन हात लागतात. तुमच्या टीसीवरून तो एकेक रकाना उतरवतो, मुलाचं नाव, बापाचं, आडनाव, आईचं नाव, धर्म, जात अन् पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यात, मग तीच अक्षरात, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख. मागे पालकांची रांग, कूलरमधलं पाणी संपलेलं, अन् हात आपला चालू. उद्या दहावीच्या मार्कशीटवर जे नाव छापून येते ते ह्या पानावरून जाते.

माझ्याच हातून एकदा वानखडेचं वानखेडे झालं. एक मात्रा. कोणाच्याच लक्षात आलं नाही, बापाने पाहिलं नाही, मीही नाही, पोट्टा दहावी पास होऊन टीसी घेऊन गेला. पुढे बारावीनंतर जात पडताळणीला बसला तेव्हा आजोबाच्या १९५८ च्या शाळेच्या दाखल्यावर वानखडे, बापाचं वानखडे, अन् ह्याचंच वानखेडे. ओबीसीला १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, तो त्यांच्याकडे चांगला पक्का होता, पण त्या मात्रेपायी ॲफिडेव्हिट करा, समितीपुढे जा, माझ्याकडे या. तो बाप माझ्या टेबलासमोर उभा राहून काही बोलला नाही, नुसतं रजिस्टर पाहत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

म्हणून त्या दिवशी ऑफिसातून हलू नका. "जरा नोंद दाखवता का, स्पेलिंग पाहून घेतो" एवढंच म्हणा, चांगला बाबू नाही म्हणत नाही. जन्मदाखला, आधार आणि टीसी तिन्ही शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा, तारीख अक्षरात काय लिहिली तेही वाचा. जुन्याच टीसीत चूक असेल, म्हणजे पहिलीतच कोणी चुकवलं असेल, तर ती नवीन शाळेत जशीच्या तशी उतरते, म्हणून जुन्या शाळेतून टीसी काढायच्या आधीच ती दुरुस्त करून घ्या. पोट्टा शाळेत शिकत असेपर्यंत मुख्याध्यापकांकडे अर्ज, सोबत पुरावा, अन् शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी, असं होते. शाळा सोडल्यावर मात्र लय घाम निघते. पुढे दहावीत बोर्डाची प्री-लिस्ट, म्हणजे नावं तपासायची कच्ची यादी, शाळेत येते, तेव्हाही पोट्ट्याच्या भरवशावर राहू नका, तो न पाहताच सही करून येते.

कागदासोबत कॉम्प्युटरचंही एक लचांड आहे. जुन्या शाळेने टीसी दिला तरी यू-डायसवर, म्हणजे शाळा अन् पोट्ट्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, तुमचा पोट्टा त्यांच्याच नावावर दिसत राहू शकतो, त्यांनी तिथून सोडल्याशिवाय नवीन शाळेला तो ओढता येत नाही. टीसी घेतानाच विचारा, ऑनलाइन सोडलं का, अन् पेन नंबर लिहून घ्या, तो प्रत्येक मुलाचा कायमचा नंबर असतो.

काही शाळा फी बाकी आहे म्हणून टीसी दाबून ठेवतात. आठवीपर्यंत कायदा असा आहे की मागितल्यावर टीसी ताबडतोब द्यायचा, अन् टीसी यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळेला ॲडमिशन अडवता येत नाही. तोंडी वाद घालू नका, अर्ज लिहा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का तारखेसकट. त्यानेच अर्धं काम होते. नाही झालं तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी बसतात, प्राथमिकचे वेगळे, माध्यमिकचे वेगळे.

पैशाचं थोडक्यात. जे काही भराल त्याची पावती मागा. "विकास निधी आहे, पावती नंतर देतो" म्हटलं की समजून जा. महाराष्ट्रात डोनेशनविरोधी कायदा १९८७ पासून आहे.

शाळा पाहायला जाल तर सुट्टीत नाही, चालू शाळेत जा, अन् मधल्या सुट्टीच्या वेळी. मुलांच्या शाळेत मधली सुट्टी पाहिली की सगळं समजते, सर ग्राउंडवर आहेत का स्टाफरूममध्ये, नळाला पाणी आहे का, संडासाला दार आहे का. मग विचारा, नववी-दहावीला गणित आणि विज्ञानाचे सर कायमचे आहेत का, प्रयोगशाळा उघडते का नुसतं कुलूप. पाळी कोणती तेही पाहा, सकाळची असेल अन् तुम्ही हिंगण्याकडून येणार असाल तर पोट्ट्याला पहाटे साडेपाचला उठवावं लागते, अन् एक दिवसाची गोष्ट नाही ती.

आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटीच उघडतात, तोवर युनिफॉर्मची घाई करू नका, रंग बदलला का ते शाळेतून कन्फर्म करा. अन् आठवीच्या पोट्ट्याची पॅन्ट शिवायला टाकाल तर टेलरला सांगून खाली दोन इंच कापड दुमडून ठेवा, दिवाळीपर्यंत ती उघडावीच लागते.