लाडवांचा डबा भरताना

सांगलीहून पुण्याला लेकीकडे बेसनाचे लाडू पाठवताना मोठ्या डब्यात लाडवावर लाडू ठेवू नका. खालच्या तीन लाडवांमध्ये खळगी पडते, तिच्यात वरचा बसवा. लाडू मात्र एकसारखे वळलेले आणि रात्रभर घट्ट झालेले हवेत, नाहीतर दबतात. चौकोनी ओळींत एकावर एक रचले तर जेमतेम ५२ टक्के जागा भरते, खळगीत बसवले तर ७४. याहून दाट रचना नाही, असं खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ मध्ये मांडलं. सिद्धता गणितज्ञ हेल्सने १९९८ मध्ये दिली! पण हे ऐसपैस डब्याचं. डबा गोल आणि तीन लाडवांइतकाच रुंद असेल, तर मध्ये एक, भोवती सहा आणि वर सरळ तसेच सात ठेवा; तिथे खळग्यांत तीनच मावतात.