कड्याला हात लावण्याआधी बिले शिका

कडे चढायला शिकणारे नवखे लोक सगळ्यात आधी शूज कुठले घ्यायचे ते विचारतात. शूज राहू द्या, सुरुवातीला घट्ट बसणारे साधे बूटही चालतात. हेल्मेट आणि हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा) मात्र यूआयएए किंवा सीई या सुरक्षा-मानकांच्या शिक्क्याचेच हवेत, बांधकामाचं पिवळं टोपडं नको. रोप डायनॅमिक, म्हणजे ताणला जाणारा, घ्या. रॅपलिंगचा (दोरावरून खाली उतरण्याचा) स्टॅटिक रोप फारसा ताणला जात नाही, त्यामुळे पडल्यावरचा सगळा हिसका कमरेला आणि अँकरला (रोप वर अडकवलेल्या आधाराला) बसतो. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. अँकर जाणकाराने लावायचा, तुम्ही नाही.

तुमच्या वाट्याला येतं ते बिले, म्हणजे खालून रोप सांभाळणं. ‘त्यात काय, दोर धरून तर उभं राहायचं,’ असं सांगणाऱ्याच्या रोपवर मी चढत नाही. मला हे हाताला बसायला भरपूर वेळ लागला, तुम्हालाही लागेल.

रोप हार्नेसला लावलेल्या बिले डिव्हाइसमधून, म्हणजे रोप अडवणाऱ्या साधनातून, जातो. त्यातून बाहेर पडणारा मोकळा रोप ज्या हातात, तो ब्रेकचा हात. चढणारा वर सरकला की वरच्या, म्हणजे दुसऱ्या, हाताने रोप खाली ओढा, त्याच वेळी ब्रेकच्या हाताने ढील बाहेर खेचा आणि तो हात लगेच मांडीकडे न्या. मग वरचा हात खाली आणून ब्रेकच्या हाताखाली रोप पकडा. आता ब्रेकची मूठ न उघडता, नुसती सैल करून, वर सरकवा. वरचा हात परत जागेवर.

गोंधळ होतो तो सरकवताना. घाईत लोक मोकळा रोप वर धरूनच मूठ सरकवतात. दोन्ही दोर वरच्या दिशेला समांतर असले की ट्यूब डिव्हाइसमध्ये (साध्या, आपोआप लॉक न होणाऱ्या) घर्षण जवळजवळ उरत नाही. नेमका तेव्हा चढणारा पडला तर रोप तळहात भाजत निघून जातो. म्हणून आधी खाली, मग सरकवणं. आणि ‘ग्रिग्री आहे, आपोआप लॉक होतं’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. ग्रिग्री या डिव्हाइसवरही ब्रेकचा हात सुटता कामा नये.

सराव जमिनीवर करा. झाडाला स्लिंग (पट्ट्याचा फास) आणि कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी) लावा, त्यातून रोप ओवा, जोडीदाराला झाडाकडे चालत यायला सांगा आणि ढील काढत राहा. कड्यावरच्या पहिल्या बिलेच्या वेळी मोकळा रोप तुमच्या मागे तिसऱ्या माणसाच्या हातात असू द्या. कड्याच्या जवळ पण चढणाऱ्याच्या थेट खाली नाही, असे उभे राहा. बसून बिले नको, मोबाइल तर खिशातही नको.

प्रत्येक चढाईआधी एकमेकांचं तपासा: हार्नेसची बकलं, डिव्हाइसमधला रोप, कॅराबिनरचा स्क्रू आणि फिगर ऑफ एट, म्हणजे रोप हार्नेसला बांधायची आठच्या आकाराची गाठ. गाठीत दोन्ही दोर सगळीकडे शेजारीशेजारी दिसले पाहिजेत, शेपूट वीतभर.

व्हिडिओ बदामीच्या वालुकाश्मावरचे पाहून सह्याद्रीत येऊ नका. आपल्या बेसॉल्टमध्ये थरांच्या मधला लाल मुरमाड पट्टा हाताने निघतो, आणि भक्कम दिसणारा होल्डही (धरायचा दगड) कधीकधी नुसता टेकलेला असतो. बोटांनी ठोका, पोकळ वाजला तर सोडा. शंका असेल तिथे बाहेर ओढू नका, खाली दाबा. दगड सुटलाच तर ‘दगड!’ अशी आरोळी ठोका, खालच्याने वर बघायचं नाही.

आग्या मोहोळ दिसलं तर दुसरा कडा शोधा. अत्तर आणि शेकोटी घरी.

चढण्याआधीच ठरवा: टॉपला पोचलेला बिलेवर खाली येणार की रॅपल करणार? वाऱ्यात वरून ओरडलेलं खाली कळत नाही, आणि खालच्याने ‘झालं’ समजून रोप काढला तर संपलंच. रोपच्या मोकळ्या टोकाला गाठ मारा. 60 मीटरचा रोप 35 मीटरच्या चढाईला पुरत नाही, आणि गाठ नसेल तर ते कळतं चढणारा जमिनीपासून 10 मीटर वर असताना.