विद्यापीठातील संशोधन बाजारात नेताना या चुका टाळा

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तयार झालेले उपकरण शेतात किंवा कारखान्यात पोहोचत नाही, तेव्हा दोष बहुधा निधीच्या टंचाईला दिला जातो. तंत्रज्ञान हस्तांतरणाच्या कामात काही वर्षे घालवल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. बरीचशी प्रकरणे अडतात ती सुरुवातीच्या काही महिन्यांत करायची कागदपत्रे आणि घ्यायच्या गाठीभेटी राहून गेल्यामुळे.

आधी लेख, मग पेटंट

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. पेटंटसाठी शोध अर्जाच्या तारखेपर्यंत लोकांसमोर आलेला नसावा लागतो. परिषदेत पोस्टर लागले, नियतकालिकात लेख आला किंवा पीएचडीचा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर चढला, की नावीन्याचा दावा धोक्यात येतो. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे खरी. पण ती मुख्यतः विद्वत्संस्थेपुढे संशोधकाने वाचलेल्या निबंधाला आणि केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना लागू होते. महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात मांडलेले यंत्र तिच्यात बसत नाही, हे अनेक मार्गदर्शकांना अर्ज करायला बसल्यावरच कळते.

मोठमोठ्या विद्यापीठांकडूनही ही चूक झालेली आहे. स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हर्बर्ट बॉयर यांचा डीएनएचे तुकडे जोडण्याच्या पद्धतीवरील लेख नोव्हेंबर १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्डमध्ये परवान्यांचे काम पाहणारे नील्स रायमर्स यांच्या ध्यानात ही गोष्ट आली ती पुढच्या वर्षी. अमेरिकी कायदा लेखानंतर वर्षभराची मुदत देत असल्याने, ती संपायला जेमतेम आठवडा उरला असताना अर्ज दाखल झाला. त्या पेटंटांनी पुढे सुमारे २५.५ कोटी डॉलर मिळवून दिले, परंतु अमेरिकेबाहेरचे हक्क लेख छापून आल्यामुळे हातचे गेले होते.

उपाय सोपा आहे. लेख पाठवण्यापूर्वी तात्पुरत्या विनिर्देशासह (शोधाच्या लेखी वर्णनासह) पेटंट अर्ज दाखल करावा आणि १२ महिन्यांत संपूर्ण विनिर्देश द्यावा. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे खर्चाचे कारण फारसे टिकत नाही. मात्र पानभर सारांश जोडून तारीख तेवढी मिळवली, असे करू नये. जे त्यात लिहिलेच नाही, त्याला त्या तारखेचा आधार मिळत नाही. लेख आधीच प्रसिद्ध झाला असेल, तर त्यात न आलेल्या सुधारणा शोधाव्यात आणि त्यांच्यावर स्वतंत्र अर्ज करता येतो का ते पाहावे. लेखाला वर्ष झाले नसेल तर अमेरिकेतील अर्जाचाही विचार होऊ शकतो, पण भारतात राहणाऱ्याने तिथे थेट अर्ज करण्याआधी येथील पेटंट कार्यालयाची परवानगी घेतली पाहिजे.

मालक कोण, हे शेवटी ठरवणे

आपल्या पेटंट कायद्यात नोकरदाराचा शोध आपोआप संस्थेच्या मालकीचा होतो अशी तरतूद नाही, आणि विद्यार्थी तर नोकरदारही नसतो. त्यामुळे संशोधक, विद्यार्थी आणि विद्यापीठ यांच्यातील शोधाचे हक्क सोपवणारा लेखी हस्तांतरण करार प्रकल्पाच्या सुरुवातीलाच व्हायला हवा. विद्यार्थी पदवी घेऊन परगावी गेल्यावर सही मिळवण्यासाठी पत्रव्यवहार करत बसणे फार त्रासाचे असते. कंपनीबरोबर संयुक्त पेटंट घेताना तर अधिक जपावे, कारण कलम ५० नुसार, वेगळा करार नसेल तर, एका सहमालकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय तिसऱ्याला परवाना देता येत नाही.

वापरणाऱ्याला न भेटणे

नाशिकजवळच्या एका द्राक्षबागेत मातीतील ओलावा मोजणारा संच मी पाहिला होता. प्रयोगशाळेत त्याचे आकडे नेमके येत. बागेत बोर्डो मिश्रणाच्या (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाच्या) फवारण्या झाल्या आणि थोड्याच दिवसांत वायरींच्या जोडावर हिरवट थर चढून आकडे भरकटू लागले. संशोधकांनी संगणकातील सूत्र तीनदा बदलले. शेवटी बागायतदारच म्हणाले, “सर, डबा वर घ्या आणि वायर खालच्या बाजूने आत घाला, म्हणजे फवारा आत जाणार नाही.” तेवढ्याने निम्मा प्रश्न मिटला. हे बोलणे पहिल्या महिन्यात झाले असते तर एक पूर्ण हंगाम वाचला असता. मला वाटते, प्रात्यक्षिकासाठी एक बाग आणि दोन शेतकरी ठरलेले नसतील तर उपकरणाचा दुसरा नमुना करूच नये.

परवान्याची अट स्थानिक उद्योजकाला न झेपणे

गावाजवळची कंपनी पुढे आली की विद्यापीठे एकरकमी मोठे शुल्क मागतात, आणि एमआयडीसीतील आठ-दहा कामगारांचा कारखाना तिथेच मागे फिरतो. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणातही संस्थेने सुविधांच्या बदल्यात स्टार्टअपमध्ये साधारण २ ते ९.५ टक्केच हिस्सा घ्यावा असे सुचवले आहे, त्यापेक्षा जास्त हाव धरू नये.

वर सांगितलेल्या संचाचा परवाना सातपूरच्या एका छोट्या कारखान्याला द्यायचा होता, तेव्हा फाइल याच एकरकमी शुल्काच्या अटीवर आठ महिने पडून होती. मग अट बदलली. आरंभीचे शुल्क नाममात्र, प्रत्येक विकलेल्या संचामागे स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि दोन वर्षांत ठरलेले किमान उत्पादन झाले नाही तर परवाना विद्यापीठाकडे परत. सही झाल्यावर कारखान्याने झाकणाला रबरी वायसर बसवला, डब्याच्या तळाशी वायर घट्ट धरून फट बंद करणारे केबल ग्लँड दिले आणि नवीन संच आधी त्याच बागेत नेऊन लावले.