स्पिन आइसवर अल्ट्रासाउंड करायचंय? आधी बॉण्ड आणि गरमी सांभाळा

डिस्प्रोसियम टायटनेट या स्पिन आइस मटेरियलचा बरा सिंगल क्रिस्टल हातात आलाय, डायल्यूशन फ्रिजवर (शून्य केल्विनच्या अगदी जवळ नेणारं यंत्र) स्लॉट मिळालाय आणि आता त्यातून ध्वनी किती वेगाने जातो ते मोजायचंय, अशांसाठी हे लिहितोय. या मटेरियलमधे स्पिन, म्हणजे अणूंचे इवले चुंबक, अडकून बसतात, अणूंच्या प्रत्येक टेट्राहेड्रॉनवर (चार कोपऱ्यांचा पिरॅमिड) दोन आत दोन बाहेर, आणि असे पर्याय इतके की थंड करत नेलं तरी एन्ट्रॉपी (विस्कळीतपणा) उरतेच, १९९९ मधे रामिरेझ वगैरे मंडळींनी ती मोजून दाखवली. अणूंची जाळी ताणली-दाबली की स्पिनांमधलं इंटरॅक्शन बदलतं, म्हणून स्पिनांमधे काही घडलं की ध्वनीचा वेग सरकतो, आणि दहा लाखात एक भाग सरकला तरी नीट सेटअपवर तो दिसतो.

क्रिस्टलच्या समोरासमोरच्या दोन बाजू पॅरलल पॉलिश करून घ्या, इथे कंजूषी केली तर एको (या बाजूंवरून उलटून येणारे ध्वनीचे पडसाद) एकमेकांत मिसळून नुसता चिखल दिसतो. ट्रान्सड्यूसर (विजेच्या सिग्नलचा ध्वनी आणि ध्वनीचा सिग्नल करणाऱ्या चकत्या) लिथियम नायोबेटचे, लाँगिट्यूडिनल (जातो त्याच दिशेत हलणाऱ्या) ध्वनीसाठी ३६ डिग्री वाय-कट, ट्रान्सव्हर्ससाठी (आडव्या हलणाऱ्या) ४१ डिग्री एक्स-कट, आणि ट्रान्सव्हर्सवाल्याचं पोलरायझेशन कुठल्या दिशेला आहे ते चिकटवायच्या आधी बघा, नंतर काय उपयोग. थायोकॉलचा (चिकटवायचा पॉलिमर) अगदी बारीक थेंब, वर ट्रान्सड्यूसर, आणि हलक्या हाताने गोल फिरवत दाबायचा, कडेने जास्तीचा बाहेर येतो तो पुसायचा, खाली बुडबुडा दिसला तर सगळं काढून परत. मग थेट फ्रिजमधे टाकू नका, आधी लिक्विड नायट्रोजनपर्यंत सावकाश नेऊन एको टिकतात का बघा, बॉण्ड (हा चिकटवलेला थर) तडकायचाच असेल तर तिथेच तडकू दे.

समजा क्रिस्टल ३ मिमी आणि वेग सेकंदाला ४ किमी, तर पहिला सिग्नल पाऊण मायक्रोसेकंदाने येणार, पुढचा एको त्यानंतर दीड मायक्रोसेकंदाने, म्हणून पल्स १००-२०० नॅनोसेकंदाचाच ठेवा. एकोची फेज लॉक करून, म्हणजे ती जागची हलू न देता, फ्रिक्वेन्सी बदलत राहायची, जेवढ्या टक्क्याने फ्रिक्वेन्सी सरकली तेवढ्या टक्क्याने वेग (लांबीतला बदल किरकोळ असेल तर). पुढचे एको जास्त सेन्सिटिव्ह पण अशक्त, मी स्वतः दुसऱ्यावरच खूश असतो.

खरी डोकेदुखी तापमान. थर्मामीटर ०.१ केल्विन दाखवतोय म्हणजे स्पिन ०.१ ला आहेत असं अजिबात नाही. साधारण ०.६ केल्विनखाली स्पिन आइसमधले स्पिन गोठल्यासारखे होतात, त्यात डिस्प्रोसियमच्या न्यूक्लियसची हीट कपॅसिटी, वर तुमचा पल्स आत ऊर्जा टाकतोय. म्हणून सॅम्पल चांदीच्या पेस्टने थंड तांब्याला नीट जोडा, होल्डरला चीर पाडा नाहीतर फील्ड स्वीप करताना (चुंबकीय फील्ड बदलत नेताना) एडी करंटने तोच तापेल, आणि मग चेक: पल्स रिपिटिशन रेट दहापट कमी करा. वेगाच्या आलेखातली डिप किंवा स्टेप जागेवरून हलली तर तुम्ही फिजिक्स नाही, हीटर मोजताय.

फील्ड क्रिस्टलच्या [१११] दिशेला (क्यूबच्या आतल्या कर्णाला) लावलं की १ टेस्लाच्या जवळपास फर्स्ट-ऑर्डर (एकदम उडी मारणारं) ट्रान्झिशन येतं, साधारण ०.३६ केल्विनच्या खाली. तिथे ध्वनीत टोकदार स्पाइक दिसू शकतात, स्पिन एकदम ढासळतात आणि सॅम्पल क्षणभर गरम होतं त्याच्याशी त्यांचा संबंध असतो, त्यामुळे स्पाइक दिसला की लगेच नवी फेज सापडली म्हणून पेपर लिहायला बसू नका. स्वीप हळू आणि जोरात, वर आणि खाली, झिरो फील्डमधे थंड करून आणि फील्डमधे थंड करून, सगळे करा. डिमॅग्नेटायझेशन करेक्शन (सॅम्पलचं मॅग्नेटायझेशन आतलं फील्ड कमी करतं त्याची दुरुस्ती) विसरलात तर फील्डचा आकडाच चुकेल, कारण या मटेरियलचं मॅग्नेटायझेशन भलतंच मोठं आहे, आणि त्याच कारणाने सॅम्पलवर टॉर्कही बसतो, होल्डरमधे तो घट्ट धरलेला हवा.