हॅमस्टरला दम लागतोय, श्वासाचा आवाज येतोय? धुळे-जळगावच्या घरात काय करायचं

आमच्या भुऱ्याचं, म्हणजे आमच्या हॅमस्टरचं, पिंजऱ्यातलं पळायचं चाक एका रात्री फिरलंच नाही. धुळ्यात मार्च संपत आलेला, कूलर नुकताच खिडकीला लावलेला, मला वाटलं उकाड्याने गप पडला असेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिंजऱ्याला कान लावला तर प्रत्येक श्वासाला बारीक टिक टिक आवाज आणि दोन्ही कुशी भात्यासारख्या आत-बाहेर. तो वाचला, पण ते दोन दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो, आणि तेव्हा मराठीत काही वाचायला सापडलं नव्हतं म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

आधी एवढं बघा की आत्ताच्या आत्ता निघायचंय का. हॅमस्टर नाकाने श्वास घेतो, तो तोंड उघडून श्वास घेतोय म्हणजे नाकाने भागेनासं झालंय. तोंड उघडं, मान ताणलेली, नाक किंवा पंजे निळसर-पांढरे पडलेले, उभं राहवत नाही, यातलं एकही दिसलं तर पुढचं नंतर वाचा, डॉक्टरला फोन लावा. नुसता आवाज येतोय आणि खाणं सोडलंय तरी त्याच दिवशी दाखवायचं, उद्यावर टाकायचं नाही, कारण मोठा सिरियन हॅमस्टर 100 ते 150 ग्रॅमचा असतो, ड्वार्फ (बुटक्या जातीचा) तर 30-40 ग्रॅमचा, त्या जिवात साठा असा काहीच नसतो. आणि हे प्राणी दुखणं लपवतात, आपल्याला दिसतं तेव्हा आजाराचे दोन-तीन दिवस आधीच उलटून गेलेले असतात.

बिळ उकरताना एक-दोन शिंका येतात त्यात घाबरायचं काही नाही. पण शिंका थांबतच नाहीत, नाक ओलं आहे, पुढच्या पंजांची लव चिकटलेली आहे (नाक त्यानेच पुसतात), डोळे अर्धे मिटलेले, पाठीला कुबड, केस उभे, मग ते आजारपणच. श्वास मोजायला तो झोपलेला असताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, 15 सेकंदांत कूस किती वेळा हलली ते मोजून चारने गुणा. पुस्तकी आकडा मिनिटाला 35 ते 135 असा फार लांबरुंद आहे, म्हणून तुमचा प्राणी धडधाकट असतानाच त्याचा आकडा काढून वहीत लिहून ठेवलात तर खरा उपयोग होतो. चाकावरून उतरल्यावर लगेच मोजू नका, धापच लागलेली असते. एक ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा पण घ्याच. भुऱ्या 118 चा 104 वर आला होता आणि डोळ्यांना तो तेवढाच गोल दिसत होता.

आता हवा. डॉक्टरकडे जायच्या आधी, आल्यानंतर, आणि खरं तर आजारी पडायच्याही आधी हेच बघायचं असतं. पिंजऱ्यात खाली काय घातलंय? मला प्राणी विकत घेताना लाकडाचा भुसा दिला होता, आणि तो संपल्यावर मीच वखारीतून पोतंभर आणला, फुकट मिळाला म्हणून खूश होते. त्यात पीठ असतं बारीक, प्लायवूडचा गोंद असतो, आणि देवदार किंवा पाइनचा असेल तर जो छान वास येतो ना तोच श्वासनलिकेला जाळतो. आता मी बिनवासाचे, बिनछपाईचे कागद फाडून घालते, बाजारात कागदाचं तयार बेडिंग मिळतं ते पण चालतं. आजारी पडला की जुना भुसा त्याच दिवशी सगळा काढा.

आणि कापूस. आपल्याकडे कापसाला काय तोटा, घरात वातींसाठी असतोच. आजी पिंजरा बघून म्हणाली, "थोडा कापूस टाकी दे ना त्याले, गरम राही." मायेनेच म्हणाली, पण हॅमस्टरला कापूस कधीच देऊ नका. त्याचे तंतू पायाला गुंडाळून रक्त अडतं, तो गालाच्या पिशवीत कोंबतो, गिळतो, आतडं बंद होतं. जिनिंगच्या (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या) जवळ घर असेल तर हंगामात हवेत उडणारी रुई वेगळीच, तेव्हा त्या बाजूची खिडकी बंद ठेवा आणि पिंजरा आतल्या खोलीत न्या.

मुताच्या कोपऱ्यात अमोनिया तयार होतो, आपल्याला वास येत नाही कारण आपलं नाक वर असतं, त्याचं नाक जमिनीपासून दोन बोटांवर. तो कोपरा रोज काढायचा, गरम पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून पुसायचा, फिनाइल अजिबात नाही. काचेच्या टाकीला वरून पूर्ण जाळी हवी. अंगाला लावायची पावडर किंवा डस्ट बाथ म्हणून मिळणारं पीठ देऊ नका, अंग घोळायला रेती चालते, पण आमच्यासारखी तापीची रेती वापरणार असाल तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा, कढईत भाजा, गार करा, चाळून पीठ टाकून द्या.

स्वयंपाकघराबद्दल मी कितीही लिहिलं तरी कमीच. काळ्या मसाल्याच्या मिरच्या भाजताना आपल्याला अंगणात ठसका लागतो, मग त्या एवढ्याशा फुप्फुसांचं काय होत असेल? भरिताची वांगी पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळक्या काड्यांवर) भाजतो तेव्हाचा धूर, अगरबत्ती, धूप, डास मारायची कॉइल, दिवाळीतले फटाके, सगळं त्याच यादीत. मसाल्याच्या दिवशी मी पिंजरा शेजारच्या ताईंकडे नेऊन ठेवते, त्यांना पण आता सवय झालीय.

कूलरचा मुद्दा जरा सविस्तर सांगते, आमच्याकडे बहुतेक तिथेच बिघडलं होतं. पिंजरा कूलरच्या अगदी समोर, रात्रभर ओला झोत अंगावर, वर भुसा ओलसर. हॅमस्टरला 20 ते 24 अंश बरं वाटतं, 30 च्या वर गेलं की ऊन लागायची भीती, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा कूलरशिवाय भागणार नाही हे खरंच आहे. पण झोत भिंतीवर वळवा, पिंजरा बाजूला ठेवा, समोरची खिडकी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा कोंडत नाही. आत मातीचं छोटं गाडगं आडवं ठेवा, पाण्याची गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून लावा. लोक म्हणतात हा कोरड्या रानातला प्राणी, त्याला उन्हाचं काय. पाळीव सिरियन हॅमस्टर जवळपास सगळे 1930 मध्ये सिरियातल्या अलेप्पोजवळ जमिनीखालून खणून काढलेल्या पिल्लांचे वंशज आहेत, म्हणजे तिथेही ते उन्हात नव्हते, खोल गार बिळात होते. ऊन लागलेला हॅमस्टर पण जोरात धापतो, लाळ गळते, सपाट पडतो. त्याला गार फरशीवर ठेवा, पंजांना आणि कानांना ओलं फडकं लावा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, आणि सावध झाला तरी डॉक्टरला दाखवा.

थंडीत उलटं. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याची रात्र पाच-सहा अंशांपर्यंत उतरते, अशा गारठ्यात हॅमस्टर निपचित, थंडगार, कडक होऊ शकतो आणि श्वास इतका सावकाश होतो की गेलाच असं वाटतं. पुरायची घाई करू नका हो! मिशांकडे टक लावून बघा, तळहातात धरून हळूहळू ऊब द्या, अर्धा-पाऊण तास लागू शकतो, मग डॉक्टर.

औषध. आपल्याकडे कुणाला सर्दी झाली की व्हिक्स, कापूर, निलगिरी, ओव्याची पुरचुंडी हे हाताशी असतं, त्यातलं काहीही पिंजऱ्याजवळ नेऊ नका, बंद जागेत तो वासच त्याला गुदमरवतो. लहान मुलांचं खोकल्याचं औषध, पॅरासिटामॉल, काही नाही. आणि अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने तर नाहीच. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांनी हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, विष करणारे वाढतात, जुलाब लागतात आणि थोड्या दिवसांत प्राणी जातो. मला पहिल्यांदा जिथे दाखवलं तिथे अमॉक्सिसिलिनच लिहून मिळालं होतं, म्हणून सांगते, चिठ्ठीवरचं नाव वाचा आणि न लाजता विचारा की हे हॅमस्टरला चालतं ना. श्वासाच्या इन्फेक्शनला सहसा एन्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सीसायक्लिन अशी औषधं देतात, डोस वजनावर ठरतो, म्हणून ग्रॅममधलं वजन सोबत न्या, तो श्वासाचा व्हिडिओ पण दाखवा, कारण टेबलावर ठेवलं की भीतीने श्वास आणखी वाढतो.

डॉक्टर शोधणं हा आपल्या भागातला खरा त्रास. दवाखान्यात गाई, म्हशी, शेळ्या आणि फार तर कुत्री येतात. म्हणून प्राणी आजारी नसतानाच धुळे, जळगाव, नाशिकला फोन करून "हॅमस्टर बघता का, नेब्युलायझर (औषधाचा धुक्यासारखा फवारा श्वासातून देणारं यंत्र) आहे का" एवढं विचारून नंबर सेव्ह करा. आम्ही शेवटी आग्रा रोडने नाशिकला गेलो, पहाटे पाचला निघालो म्हणजे ऊन चढायच्या आत पोचतो. छोटा हवेशीर डबा, खाली कागद, पाण्याच्या बाटलीऐवजी काकडीची फोड (बाटली गळते आणि तो भिजतो), डब्यावर पातळ फडकं, गाडीत एसी असेल तर झोत त्याच्यावर नको.

घरी आल्यावर चाक आणि वरचे मजले काढून टाका, दाणापाणी तोंडाशी ठेवा, खोली शांत, 24-25 अंशांपर्यंत उबदार. खात नसेल तर त्याचे नेहमीचे पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून किंवा उकडलेला लाल भोपळा कुस्करून बिनसुईच्या 1 मिली सिरिंजने, तोंडाच्या बाजूने, एकेक थेंब. पाठीवर उताणं धरून कधीच पाजू नका, घास फुप्फुसात जातो आणि मग वाचवणं कठीण. केळी आपल्याकडे घरोघरी, लाडाने मोठा तुकडा दिला जातो, पण वाटाण्याएवढाच द्या, साखर फार असते. वाफ किंवा नेब्युलायझर डॉक्टरने सांगितलं तरच आणि सांगितलं तेवढाच वेळ. घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर मास्क लावून, हात धुऊन हाताळा, न्यूमोनियाचे काही जंतू माणसाकडून यांना जातात. दुसरा हॅमस्टर असेल तर त्याची खोली वेगळी, आणि आधी निरोग्याचं करायचं, मग आजाऱ्याचं.

भुऱ्या तिसऱ्या दिवशी खायला लागला तेव्हा घरातले म्हणाले आता कशाला त्याला औषधाला धरतेस, किती घाबरतो. तरी दिलेले सगळे दिवस पूर्ण केले, मध्येच सोडलं की आजार उलटतो आणि मग तेच औषध लागू पडत नाही.

एक गोष्ट जड मनाने लिहिते. हॅमस्टरचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं. दीड-दोन वर्षांच्या पुढच्या प्राण्याला धाप लागते तेव्हा कारण बऱ्याचदा हृदय असतं, फुप्फुसात पाणी साठतं, नाकातून काही येत नाही, अँटिबायोटिकने फरक पडत नाही. डॉक्टरला वय नक्की सांगा आणि हृदयाचं तपासाल का असं विचारा, पाणी कमी करायची औषधं असतात, त्यांनी काही आठवडे-महिने सुखाचे जाऊ शकतात. आणि औषध चालू असूनही तो तोंडाने श्वास घेत असेल, खात नसेल, तर शांतपणे झोपवण्याबद्दल डॉक्टरशी बोलणं यात काहीही चूक नाही, त्या धापेत त्याला रात्रभर ठेवणं जास्त वाईट.

बरा झाला तर औषध संपल्यावर पण आठवडाभर रोज एकाच वेळी वजन करा, झोपेतला श्वास मोजा, आणि आवाज पूर्ण गेला, वजन परत आलं की मगच चाक लावा. आमच्याकडे ते लागायला अठरा दिवस लागले.