महालात खोली पाहा

नागपुरात शिकायला येऊन गणेशपेठच्या एसटी स्टँडवर उतरलेले आपले पोट्टे लगेच ओळखू येतात. पुसदचे असोत की सिंदेवाहीचे, गावचं कोणी शहराच्या कडेला हिंगण्याकडे राहतं म्हणून तेही तिकडेच जातात. चौघांत एक खोली करतात आणि शनिवार आला की एसटी धरतात. कॉलेज संपतं, पण नागपूर पाहिलेलं नसतं. स्टँडवरून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर महाल ही जुनी वस्ती आहे, तिथे खोली शोधा.

घरमालक चौकशा फार करतील. आडनाव ऐकून नाही म्हणणारेही भेटतील. ती त्यांची लाज, तुमची नाही. पुढची गल्ली गाठा. अकरा महिन्यांचा करारनामा झाल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका.

आता नीट ऐका. नदी-नाल्याजवळ तळमजल्याची खोली घेऊ नका, कितीही स्वस्त असो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी झोपेतल्या माणसांच्या घरात शिरलं. माझ्या ओळखीच्या एका पोरीच्या दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका चिखलात गेल्या. उन्हाळ्यात खोली पाहाल तर नदी कोरडी वाटेल. शेजाऱ्यांना विचारा, त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं. भिंतीवरची ओल पाहा. वरचा मजला मिळत नसेल तर महिनाभर नातेवाइकांकडे थांबा, पण तळमजला नको.

मेट्रोचं चितारओळ चौक स्टेशन जवळ आहे, बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाणं सोपं.

खुद्द चितारओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, श्रावणात संध्याकाळी जा. तणसाच्या सांगाड्यावर माती चढलेली असते, ओळीने गणपती वाळत असतात, डोळे अजून कोरायचे असतात. कारागिराला विचारल्याशिवाय फोटो काढू नका. बोलायला थांबलात तर तो माती कशी मळतात तेही दाखवतो.

आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावी पळू नका. आपल्याकडे दारातले पळसाच्या फांद्यांचे मेढे उपटून ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणतात ना, इथे त्याच मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी मारबत १८८५ पासूनची. सोबत बडगे असतात. महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला त्याचे पुतळे. दोघी इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी भेटतात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. सकाळी लवकर जाऊन जागा धरा. खोली बदलायची असेल तर तो दिवस सोडून बदला, सामानाचा ऑटो आत येणार नाही.